घरघर नको, जोर हवा: गेमिंग कॉम्प्युटरचं कोटेशन वाचताना

बचत गटांच्या कार्यक्रमात आज आम्ही खेळायच्या कॉम्प्युटरविषयी बोलणार आहोत. काही जणी म्हणतील, यांना दुसरा विषय मिळाला नाही का? पण आमच्याकडे येणाऱ्या कर्जाच्या अर्जांवर शेळी, शिलाई मशीन, दवाखाना, कॉलेजची फी यांच्या जोडीला हल्ली एक नवं कारण दिसायला लागलंय. "मुलांना कॉम्प्युटर." थोडं खोदून विचारलं की कळतं, साधा नव्हे, गेमिंगचा. रक्कम साठ-सत्तर हजार. एवढ्यात दुभतं जनावर येतं. म्हैस घेताना आपण कास बघतो, दात बघतो, एक वेळचं दूध काढून बघतो. इथे मात्र दुकानदार कागद देतो, पोरं माना डोलावतात आणि सही आपण करतो. तेव्हा कागद-पेन घेऊन बसा, काही आकडे लिहून घ्यावे लागतील.

आमच्या एका गटातल्या ताईंनी चाळीस हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. वरचे पैसे उसाच्या बिलातून घालणार होत्या. मुलगी तालुक्याला ॲनिमेशनचा कोर्स करते, धाकटा मुलगा बारावीला आहे आणि खेळायचं वेड दोघांनाही. बैठकीत पहिला प्रश्न आलाच, "खेळायला कर्ज द्यायचं का?" त्यावर आमचं मत असं की खेळायला हवाय तर तसंच सांगा. अभ्यासाचं नाव पुढे केलं की दुकानदारही अभ्यासाचाच कॉम्प्युटर देतो, मग त्यावर खेळ चालत नाही आणि चार महिन्यांत पोरं पुन्हा पैसे मागतात. ज्या यंत्रावर मोठे खेळ चालतात त्यावर ॲनिमेशन, व्हिडिओ, घरांचे नकाशे हीही कामं चालतात. फक्त पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ वेगळे. त्यांच्यावर २०२५ च्या कायद्याने बंदी आहे आणि त्यासाठी आमचा गट एक रुपया देणार नाही.

ताईंची स्वतःची अट मात्र निराळी होती. घर दोन खोल्यांचं. शेतीची लाइट रात्रीची असते तेव्हा मालक उसाला पाणी देऊन पहाटे येतात आणि दिवसा झोपतात. सासूबाईंची झोप आधीच कमी. शेजारच्या घरातला कॉम्प्युटर खेळ सुरू झाला की गिरणीसारखा घरघरतो, तो आवाज भिंतीपलीकडे येतो. ताई म्हणाल्या, "जोराचा घ्या, पण आवाजाचा नको." दुकानदाराने हसून सांगितलं, जोर म्हटला की आवाज येणारच.

हे अर्धं खरं आहे. कॉम्प्युटरमध्ये जी वीज जाते ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. खेळताना एखादा कॉम्प्युटर २५० वॅट घेत असेल तर डब्यात १००० वॅटच्या इस्त्रीच्या पाव भागाएवढी धग तयार होते. ती बाहेर फेकायला पंखे लागतात आणि आपल्याला ऐकू येते ती या पंख्यांची घरघर. म्हणजे आवाज जोराचा नसतो, धगीचा असतो. तेवढंच काम कमी धगीत करणारे भाग निवडले आणि धगीला बाहेर पडायला मोकळी वाट दिली, तर जोर राहतो आणि आवाज जातो. त्यासाठी "सायलेंट" असं छापलेली महागडी वस्तू घ्यावी लागत नाही. कोटेशनमधली प्रत्येक ओळ या एका नजरेने वाचायची.

ताईंच्या हातातलं पहिलं कोटेशन पंचेचाळीस हजारांचं होतं. त्यावर लिहिलं होतं: आय सेव्हन प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, २ जीबी ग्राफिक कार्ड, आरजीबी कॅबिनेट विथ एसएमपीएस. बस्स. एकाही वस्तूचं पूर्ण नाव नाही. हे म्हणजे पावतीवर नुसतं "बियाणं, एक पिशवी" लिहून देण्यासारखं.

"आय सेव्हन" म्हणजे भारी, असं पोरांनाही वाटतं. पण आय सेव्हनच्या पुढचा आकडा बघायचा असतो. आय७-३७७० हा २०१२ सालचा, तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर आहे. विंडोज ११ त्याला अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट्स ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबली. त्याच्यापेक्षा २०२२ सालचा आय५-१२४०० कितीतरी वेगवान आहे, जरी तो "फक्त आय फाइव्ह" असला तरी. शेवटच्या तीन आकड्यांच्या आधी जे असतं ती पिढी: ३७७० मध्ये ३, १२४०० मध्ये १२. ताईंच्या मुलीने दुकानात फोन करून पूर्ण नंबर विचारला, तर तो ३७७० च निघाला. ग्राफिक कार्ड जीटी ७३०, म्हणजे २०१४ सालचं. कार्डावर किती जीबी आहे यावरून त्याची ताकद कळत नाही, हेही लिहून ठेवा.

मग आम्ही दुसरं कोटेशन मागवलं, प्रत्येक भागाचं कंपनी आणि नंबरासकट नाव घालून. आता त्यातले भाग सांगतो. सगळ्यात जास्त वेळ ग्राफिक कार्डाला देऊ, कारण खेळाचा जोर तिथे असतो आणि धगही तिथेच.

कार्ड निवडण्याआधी पडदा ठरवावा लागतो. साधा फुल एचडी मॉनिटर म्हणजे १९२० बाय १०८० ठिपके. फोर-के पडद्यावर त्याच्या बरोबर चौपट ठिपके असतात. चौपट ठिपके रंगवायचे तर कार्ड मोठं, धग मोठी, पंखे जोरात. चोवीस इंची फुल एचडी पडद्यावर खेळणाऱ्या पोरांना मोठ्या कार्डाची गरज नाही. २०२३ साली आलेलं आरटीएक्स ४०६० हे कार्ड ११५ वॅट घेतं. त्याच्याआधीचं ३०६०, बारा जीबीचं, १७० वॅट घेतं. आणि ४०६० च्याच पिढीतलं सगळ्यात वरचं ४०९० तब्बल ४५० वॅट घेतं, म्हणजे जवळजवळ अर्धी इस्त्री. ३०६० आणि ४०६० मध्ये वेगाचा फरक थोडा आहे, पण धगीत ५५ वॅट वाचतात. दोन खोल्यांच्या घरात, एप्रिल-मे महिन्यात, पत्र्याखाली, हे ५५ वॅट कळतात. एकाच नंबरचं कार्ड निरनिराळ्या कंपन्या बनवतात. त्यात दोन मोठे पंखे आणि जाड ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांचं कार्ड घ्यावं, एका पंख्याचं छोटं नको. बऱ्याच कार्डांचे पंखे हलकं काम चालू असताना थांबूनच जातात. तसं आहे का, हे दुकानात विचारा.

जुनं कार्ड स्वस्तात मिळतंय, असं कुणी सांगेल. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम नावाच्या डिजिटल चलनाची पद्धत बदलली आणि तोवर रात्रंदिवस त्यासाठी राबवलेली कार्डं जुन्या बाजारात आली. बाहेरून पुसून चकचकीत, आत पंख्याची बेअरिंग झिजलेली. वॉरंटीचं पक्कं बिल नसेल तर जुनं कार्ड घेऊ नये, असं आमचं मत.

प्रोसेसरचं थोडक्यात. रायझन ५ ५६०० किंवा आय५-१२४००एफ, दोन्ही सहा कोअरचे, या कामाला पुरेसे. दोघांवर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण जोर लागला की रायझन त्याच्या थोडा वर जातो आणि इंटेलचा ११७ पर्यंत. इंटेलच्या नंबराच्या शेवटी "के" असेल तर तो जास्त वीज खाणारा, तो सोडा. "एफ" असेल तर त्यात स्वतःचं ग्राफिक नसतं, म्हणजे कार्डाशिवाय पडद्यावर चित्रच येणार नाही. उलट रायझनच्या नंबरामागे "जी" असेल, जसं ५६००जी किंवा ८६००जी, तर आतच बऱ्यापैकी ग्राफिक असतं. ज्यांचं बजेट खरंच कमी आहे त्यांनी "जी" घ्यावा आणि कार्ड पुढच्या हंगामात बसवावं. व्हॅलोरंटसारखे हलके खेळ त्यावर कार्डाशिवाय चालतात, आणि कार्ड नाही म्हणजे त्याची धग नाही, आवाजही नाही.

आता पंखे. पोरं लखलखत्या दिव्यांवर भुलतात, आपण पंख्याचा आकार बघायचा. छताचा मोठा पंखा हळू फिरूनही सगळ्या खोलीला वारा देतो, छोट्या टेबल फॅनला तेवढंच काम करायला गरगरावं लागतं. कॉम्प्युटरमध्येही तसंच. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज निम्म्याहून पुष्कळ खाली येतो. म्हणून एक पंखा जोरात पळवण्यापेक्षा १२० मिलिमीटरचे तीन पंखे हळू फिरवलेले बरे. प्रोसेसरसोबत खोक्यात जो चपटा पंखा येतो त्याच्याऐवजी मनोऱ्यासारखा उभा कूलर, १२० मिलिमीटर पंख्याचा, घ्यायला सांगा. आमच्या मते या सगळ्या यादीत कमी पैशात सर्वात जास्त आवाज इथेच कमी होतो. पाण्यावर चालणारा कूलर या आकाराच्या कॉम्प्युटरला लागत नाही. त्यात पंखे असतातच, वर पंपाची भर.

पंख्याच्या वायरला चार पिना हव्यात. चार पिनांचा पंखा मदरबोर्डच्या सांगण्याप्रमाणे हळू-जोरात फिरतो. स्वस्त दिव्यांचे बरेच पंखे थेट एसएमपीएसला जोडलेले असतात, ते कॉम्प्युटर सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत एकाच जोरात पळतात. शेजारच्या घरातली ती घरघर अशाच पंख्यांची होती. पुढून सलग काच असलेलं कॅबिनेट दिसायला छान, पण हवा जाणार कुठून? पुढे जाळी आणि जाळीमागे काढून धुता येईल असा धूळ-फिल्टर असलेला डबा घ्या. हवा आत घेणारे पंखे दोन आणि बाहेर टाकणारा एक ठेवला, तर हवा फिल्टरमधूनच जास्त येते आणि फटीफटीतून धूळ कमी शिरते.

एसएमपीएस म्हणजे वीज पुरवणारी पेटी. तिच्याबद्दल दुकानात कुणी बोलत नाही, आणि कॅबिनेटसोबत "फ्री" मिळते ती ही. तिच्यावर ५०० वॅट छापलेलं असतं, देते किती ते देव जाणे. हिच्यात कंजुषी केली आणि ती जळाली तर जाताना मदरबोर्ड आणि कार्डही घेऊन जाऊ शकते. हिशोब सोपा आहे: रायझन प्रोसेसर, ११५ वॅटचं कार्ड आणि पन्नासच्या आसपास बाकी सगळं, म्हणजे एकूण अडीचशेच्या आसपास. त्याला चांगल्या कंपनीची ५५० वॅटची पुरे. निम्म्या भारावर चालली की ती कमी तापते, तिचा पंखा हळू फिरतो. दुकानदार साडेआठशेची दाखवेल, तिची गरज नाही. खोक्यावर "८० प्लस ब्रॉंझ" किंवा "गोल्ड" छापलेलं असावं. निम्म्या भारावर ब्रॉंझ किमान ८५ टक्के वीज कामी लावते, गोल्ड ९० टक्के. राहिलेली धग होऊन जाते.

रॅम १६ जीबी, पण आठ-आठच्या दोन पट्ट्या. एका सोळाच्या पट्टीपेक्षा दोन आठच्या वेगाने काम करतात, जशा पाटी उचलायला दोन बायका. साठवणीला एनव्हीएमई एसएसडी. तिच्यात फिरणारं काही नसतं म्हणून आवाज शून्य. जुन्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते, रात्रीच्या शांततेत तिची खरखर ऐकू येते. काही खेळ एकटेच शंभर जीबीहून जास्त जागा खातात, म्हणून एक टीबी.

"यापेक्षा लॅपटॉप घेतला तर?" असं बैठकीत दोघी-तिघींनी विचारलं. मुलगी हॉस्टेलला राहणार असेल तर लॅपटॉप घ्यावा लागेल. पण गेमिंगच्या लॅपटॉपमध्ये चपटे, बारके पंखे असतात, खेळ सुरू झाला की ते किंचाळतात, आणि त्याला उपाय नाही. शिवाय कार्ड बिघडलं तर सुटं बदलता येत नाही.

आता आपल्या गावच्या विजेचं. महिन्याचं बिल किती वाढेल? अडीचशे वॅट चार तास चालले की एक युनिट. रोज चार तास खेळले तर महिन्याला तीस युनिट, पडद्याचे वेगळे. महावितरणचा घरगुती दर शंभर युनिटच्या पुढे चढतो, म्हणून ज्यांचं बिल नव्वदच्या आसपास आहे त्यांनी हे आधीच धरून चालावं. कर्जाच्या हप्त्यासोबत ही रक्कमही दर महिन्याला जाणार आहे.

लाइट जाते-येते, कधी डिम होते, कधी एकदम वाढते. त्यामुळे यूपीएस हवा. त्यावर व्हीए लिहिलेलं असतं, ते म्हणजे वॅट नव्हे. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. खेळ बंद करून कॉम्प्युटर नीट बंद करण्यापुरती पाच-सात मिनिटं हवीत, तर एक हजार व्हीएच्या पुढचा बघा. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याला यूपीएस मोडचं बटण आहे का ते तपासा. आणि अर्थिंग! कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, अशी तक्रार आमच्याकडे बऱ्याच घरांतून येते. तिसरी पिन तोडलेली असते, नाहीतर अर्थिंगची वायर कुठेच पोचलेली नसते. यंत्र घरात यायच्या आधी वायरमनकडून अर्थिंग करून घ्या, मग बाकीचं.

कॉम्प्युटर जमिनीवर ठेवायचा नाही, झाडताना उडालेली सगळी धूळ तो ओढतो. चुलीच्या, फोडणीच्या खोलीतही नको, तेलकट धूर धुळीला चिकटवतो. कपाटात कोंडू नका, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. आवाज दबावा म्हणून खाली गोधडीची घडी घालणारे पाहिलेत. बहुतेक डब्यांत एसएमपीएस खालून हवा घेते, तिचं नाकच दाबलं जातं. वरून विणकामाचा रुमाल टाकायची आपली सवय टीव्हीपुरती ठेवू या. दर दोन-तीन महिन्यांनी बंद करून, प्लग काढून, ब्लोअरने धूळ उडवा आणि तेव्हा पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर वाऱ्याने तो भिरभिरतो आणि खराब होतो.

एक फुकटचा उपाय पोरांना सांगा. साध्या मॉनिटरवर सेकंदाला साठ किंवा पंचाहत्तर चित्रंच दिसतात, पण कार्ड मोकळं सोडलं तर ते दोनशे-तीनशे चित्रं काढत बसतं, नुसता मेनू उघडा असला तरी. खेळाच्या सेटिंगमध्ये ही मर्यादा पडद्याइतकी केली की धग आणि आवाज दोन्ही उतरतात, आणि खेळात फारसा फरक जाणवत नाही.

ताईंचं दुसरं कोटेशन मॉनिटर सोडून अडुसष्ट हजारांचं झालं. पहिल्यापेक्षा तेवीस हजार जास्त, आणि बैठकीत त्यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी असं ठरलं: गटाकडून मागितलेले चाळीसच मिळतील, महिना १ टक्का व्याजाने, दोन हजारांचे वीस हप्ते. मॉनिटर आत्ता नाही, घरचा टीव्ही एचडीएमआय वायरने जोडायचा. दिव्यांचं कॅबिनेट गेलं, जाळीचं आलं. धाकट्याचं तोंड थोडं उतरलं होतं. पण कार्ड आणि एसएमपीएस यांना ताईंनी हात लावू दिला नाही.

भाव रोज बदलतात, रॅमचे तर सोन्यासारखे. म्हणून कोटेशनवर तारीख आणि किती दिवस चालेल ते लिहून घ्या. तालुक्याला पटलं नाही तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहे, पण वॉरंटीला तिथवर जाण्याचा खर्च मोजा. बिल पक्कं, जीएसटीचं, प्रत्येक भागाचा सिरियल नंबर त्यावर हवा, कारण वॉरंटी प्रत्येक भागाची वेगळी असते. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पैसे देण्याआधी दुकानात अर्धा तास मोठा खेळ चालवून दाखवायला सांगा, आणि शक्य तर दुकान मिटायच्या वेळी, गल्लीतली गाड्यांची वर्दळ थांबल्यावर. हातभर अंतरावर बसून कान द्या. पहिली पाच मिनिटं सगळेच कॉम्प्युटर शांत असतात, धग साठायला वीसेक मिनिटं लागतात.

आणि कार्ड, एसएमपीएस, मदरबोर्ड यांची खोकी वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा. भाग परत पाठवायची वेळ आली तर त्याच खोक्यातून पाठवणं सोपं जातं. कुणाकडे कोटेशन असेल तर गटाच्या मासिक बैठकीला घेऊन या, आपण मिळून वाचू.